चणचण नेमकी कशाची?

नमस्कार, श्रोतेहो.

वाचनालय असो, पतसंस्था असो की गावची शाळा, कार्यकारिणीच्या बैठकीतलं पहिलं वाक्य बहुधा ठरलेलं असतं: 'निधी नाही.' ते खरंही असतं. पण मग त्या एका वाक्यापायी सगळी संस्था अंग चोरून बसते. हा उपक्रम नको, ती नेमणूक नको, आणि आपली देणगीदारांची यादी शेजारच्या संस्थेच्या हाती तर मुळीच लागायला नको. आज मी सांगणार आहे याच्या अगदी उलट वागलेल्या एका संस्थेबद्दल. तामिळनाडूत मदुराईला अरविंद नेत्र रुग्णालय आहे, त्याच्याबद्दल.

डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी ५८व्या वर्षी सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आणि १९७६ साली त्यांनी ११ खाटांचं हे रुग्णालय काढलं. संधिवातानं त्यांची बोटं तरुणपणीच वाकडी झाली होती. त्याच बोटांनी ते मोतीबिंदू काढायला शिकले होते. पैशाची बाजू लंगडीच होती. पण त्यांनी हिशेब वेगळा मांडला. रुग्ण अमाप आहेत, शिकायला तयार असलेले तरुण हात अमाप आहेत. मग टंचाई कशाची? तर सर्जनच्या मिनिटांची.

ती मिनिटं मात्र त्यांनी चिक्कूपणानं वापरली. तिथल्या ऑपरेशन थिएटरात शेजारी शेजारी दोन टेबलं असतात. एकावर शस्त्रक्रिया चालू असते, तेवढ्यात दुसऱ्यावर पुढचा रुग्ण तयार: भूल दिलेली, डोळा स्वच्छ केलेला, हत्यारं मांडून ठेवलेली. पहिलं काम संपलं की डॉक्टर वळतात, मायक्रोस्कोप पलीकडे फिरवतात आणि पुढचा डोळा हाती घेतात. तपासणी, भिंगाचं माप, घाबरलेल्या आजीला धीर देणं, ही कामं करतात खेड्यापाड्यांतून निवडून, दोन वर्षं शिकवून तयार केलेल्या मुली. 'चांगली माणसं मिळत नाहीत हो,' हे आपल्याकडचं पालुपद तिथं चालत नाही, कारण माणसं तिथं घडवलीच जातात.

फीचं ऐका. पैसे भरायचे की मोफत उपचार घ्यायचे, हे रुग्णानंच ठरवायचं. उत्पन्नाचा दाखला कोणी मागत नाही. दाखल्यासाठी तलाठी कार्यालयाच्या खेपा घातलेल्यांना याचं मोल कळेल! कोणी गैरफायदा घेत नसेल का? घेत असेलही. पण प्रत्येकाची झडती घ्यायला कारकून बसवला, तर त्यालाही पगार द्यावाच लागतो. फी भरणाऱ्यांच्या पैशातून बाकीच्यांचा खर्च निघतो. आणि नुसती शस्त्रक्रिया फुकट करून भागत नाही, गरिबाचं गाडीभाडं आणि बुडणारी मजुरी आड येते, हे लक्षात आल्यावर शिबिरांतल्या रुग्णांना नेण्या-आणण्याची आणि जेवणाचीही सोय झाली.

मोतीबिंदू काढल्यावरचा तो जाड काचांचा चष्मा तुम्हाला आठवत असेल. आजोबांचे डोळे त्यातून बटाट्याएवढे दिसायचे. डोळ्याच्या आत बसवायचं भिंग तेव्हा परदेशातून यायचं, किंमत शंभर डॉलरच्या घरात. ते गरिबाला कुठून परवडणार? १९९२ साली अरविंदच्याच ऑरोलॅब या कारखान्यानं ते मदुराईतच बनवायला घेतलं आणि किंमत दहा डॉलरच्या आसपास आणली.

मला सगळ्यात धाडसाची वाटते ती गोष्ट मात्र पुढेच आहे. त्याच वर्षी त्यांनी इतर रुग्णालयांना आपली पद्धत शिकवणारी संस्था उभी केली. हातचं राखून नव्हे. रुग्णांची नोंद कशी ठेवतात इथपासून खर्चाचा मेळ कसा घालतात इथपर्यंत सगळं खुलं. देशातल्या आणि परदेशांतल्या शेकडो रुग्णालयांनी तिथं धडे घेतले. उद्या हेच लोक आपले पेशंट पळवतील, ही धास्ती दुसऱ्या कोणालाही वाटली असती, आणि व्यवहारानं पाहिलं तर ती अगदीच खोटीही नव्हती. पण मोतीबिंदू वयाबरोबर येतच राहतो. एका रुग्णालयानं कितीही ढोर मेहनत केली तरी ती रांग संपणारी नाही.

शिकायला एकट्या डॉक्टरांनी येऊन भागत नाही. सोबत परिचारिका हवी, व्यवस्थापक हवा. कारण परत गेल्यावर 'आपल्याकडे हे जमायचं नाही' असं म्हणणारा पहिला माणूस बहुधा यांच्यातलाच असतो.