अटी लागू: स्मार्टफोनच्या जाहिरातीतले आकडे कसे वाचावेत

नमस्कार. संयोजकांनी सुचवलेला विषय ‘कोणता फोन घ्यावा’ असा होता. तो मी त्यांच्या परवानगीने थोडा बदलून घेतला, कारण त्या प्रश्नाचे उत्तर दर दोन-तीन महिन्यांनी शिळे होते. फोनच्या खोक्यावर, दुकानातल्या फलकावर आणि वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर जे आकडे छापलेले असतात, ते कोणी, कशावर आणि कोणत्या अटींखाली मोजलेले असतात, हा प्रश्न मात्र लवकर शिळा होणार नाही. माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो. मोठी कंपनी निखालस खोटा आकडा सहसा छापत नाही; तशी तिला गरजच पडत नाही. आकडा एका ठरावीक परिस्थितीत खरा असतो आणि ती परिस्थिती पानाच्या तळाशी, चांदणीच्या खुणेपुढे, भिंगाशिवाय वाचता येणार नाही अशा अक्षरांत असते. संकेतस्थळांवर दोन फोनांची तुलना करणारे जे तक्ते असतात, तेही बहुतेक वेळा कंपन्यांनीच पुरवलेल्या माहितीवरून भरलेले असतात. एका कंपनीने तिच्या प्रयोगशाळेत तिच्या पद्धतीने मोजलेला आकडा आणि दुसरीने दुसऱ्या पद्धतीने मोजलेला आकडा एका ओळीत शेजारी बसले की तुलना झाल्याचा नुसता भास होतो.

सर्वांत लोकप्रिय आकड्यापासून, म्हणजे मेगापिक्सेलपासून सुरुवात करू. आज मध्यम किमतीच्या फोनांवरही ‘२०० मेगापिक्सेल’, म्हणजे २० कोटी पिक्सेल, असे लिहिलेले असते. सॅमसंगने २०२२ साली जाहीर केलेल्या एचपी३ या सेन्सरचे, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चिपचे, उदाहरण घेऊ. त्यावर आडवे १६,३८४ आणि उभे १२,२८८ असे पिक्सेल आहेत. गुणाकार केला तर २० कोटींच्या थोडा वर जातो. आकडा खरा आहे. पण त्यातला प्रत्येक पिक्सेल ०.५६ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) रुंदीचा, म्हणजे हिरव्या प्रकाशाच्या तरंगलांबीएवढाच आहे. भिंग कितीही निर्दोष घडवले तरी प्रकाशाचा बिंदू सेन्सरवर बिंदू म्हणून पडत नाही, त्याचा छोटासा ठिपका होतो, आणि एफ/१.७ छिद्राच्या भिंगात त्या ठिपक्याचा व्यास सुमारे २.३ मायक्रॉन भरतो. म्हणजे एकच ठिपका आडवे चार आणि उभे चार अशा सोळा पिक्सेलांवर पसरतो. योगायोग असा, की नेहमीच्या वापरात हा सेन्सर नेमके हेच सोळा पिक्सेल एकत्र करून त्यांचा एक पिक्सेल बनवतो आणि आपल्या हातात साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो ठेवतो. या सोळा पिक्सेलांवर रंगाची गाळणीही एकाच रंगाची असते. त्यामुळे पूर्ण २०० मेगापिक्सेलचा फोटो काढायचा झाला, तर मधले बरेचसे रंग फोनला हिशेबाने भरून काढावे लागतात. भर उन्हात, हात स्थिर ठेवून तो पर्याय वापरला तर तपशील थोडा अधिक मिळतो, हे मान्य. सोळापट मात्र मिळू शकत नाही, आणि घरातल्या दिव्याच्या उजेडात काढलेल्या फोटोत तर बहुधा काहीच फरक दिसत नाही. तेव्हा कॅमेऱ्यांची तुलना करायची असेल, तर सेन्सरचा आकार किती आणि भिंगाचे छिद्र केवढे, हे दोन आकडे आधी पाहावेत. ‘चार कॅमेरे’ या घोषणेतले दोन जर २ मेगापिक्सेलचे मॅक्रो (अगदी जवळच्या वस्तूंसाठी) आणि डेप्थ (अंतर ओळखण्यासाठी) असतील, तर ते मोजणीसाठी ठेवलेले आहेत असे मी खुशाल समजतो.

फोटोच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. २०१२ साली नोकियाने ल्युमिया ९२० या फोनची जाहिरात केली. हात हलला तरी चित्र स्थिर येते, हे दाखवण्यासाठी सायकल चालवणाऱ्या तरुणीचे चित्रण त्यात होते. सायकल एका वाहनाजवळून जाते तेव्हा मागच्या खिडकीच्या काचेत, गाडीतून मोठ्या कॅमेऱ्याने चित्रण करणारा माणूस दिसतो, हे बघणाऱ्यांनी हेरले. नोकियाला माफी मागावी लागली. आता असले प्रतिबिंब शोधून भागत नाही, कारण बदल फोनच्या आतच होतात. २०२३ साली एका वापरकर्त्याने चंद्राचे चित्र मुद्दाम लहान आणि अस्पष्ट करून संगणकाच्या पडद्यावर लावले, खोलीतले दिवे बंद केले आणि लांबून सॅमसंगच्या फोनने त्याचा फोटो काढला. मूळ चित्रात नसलेला खड्ड्यांचा तपशील फोटोत उमटला. फोन चंद्र ओळखतो आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आधारे तपशील वाढवतो, ही सोय बंदही करता येते, असे कंपनीने स्पष्टीकरण दिले. ते खरेच होते. प्रश्न एवढाच, की शंभरपट झूमचा आकडा वाचणाऱ्याला हे आधी कुठे दिसले होते?

प्रोसेसरच्या वेगाचे आकडे बेंचमार्क नावाच्या चाचणी-ॲपमधून येतात, आणि परीक्षा ओळखीची असेल तर विद्यार्थी काय करतो हे सभागृहातल्या शिक्षकांना वेगळे सांगायला नको. २०१३ साली आनंदटेक या संकेतस्थळाला सॅमसंगच्या गॅलेक्सी एस४च्या एका प्रकारात असे आढळले, की त्याचा ग्राफिक्सचा भाग ठरावीक चाचणी-ॲप चालू असतानाच ५३२ मेगाहर्ट्झने धावतो, खेळ खेळताना मात्र ४८० मेगाहर्ट्झच्या पुढे जात नाही. फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘बेंचमार्कबूस्टर’ अशी अक्षरेच सापडली. अमेरिकेतल्या ग्राहकांनी भरलेला दावा २०१९ मध्ये १ कोटी ३४ लाख डॉलरच्या तडजोडीने मिटला. त्यानंतरही हा खेळ थांबला नाही: हुआवेचे काही फोन २०१८ मध्ये, वनप्लस ९ मालिका २०२१ मध्ये आणि सॅमसंगच्या एस मालिकेतले फोन २०२२ मध्ये वेगवेगळ्या बेंचमार्कच्या याद्यांतून काढून टाकावे लागले. शेवटच्या दोन प्रकरणांत तर उलटी गंमत होती. रोजची ॲप फोन मुद्दाम संथ चालवत होता आणि चाचणीचे ॲप दिसले की तो लगाम सोडत होता.

जाहिरातीत ‘अंतुतु’ या बेंचमार्कचे लाखांतले गुण छापलेले दिसले, तर ते त्या ॲपच्या कोणत्या आवृत्तीचे आहेत हे पाहावे, आवृत्ती बदलली की गुणांची पट्टीच बदलते आणि जुन्या-नव्या गुणांची तुलना निरर्थक ठरते. शिवाय बहुतेक फोनांना पंखा नसतो. थंड फोनवर पहिल्याच फेरीत मिळालेला आकडा वीस मिनिटांनंतर टिकतो का, हे पाहण्यासाठी थ्रीडीमार्क या बेंचमार्कमध्ये तीच चाचणी सलग वीस वेळा घेणारी सोय आहे. सर्वांत संथ फेरीचे गुण सर्वोत्तम फेरीच्या किती टक्के राहिले, हे तिच्यात कळते. उन्हाळ्यात नागपुरात फोन वापरणाऱ्याने सर्वोच्च गुणांपेक्षा ही टक्केवारी अधिक महत्त्वाची मानावी.

आता पाण्याकडे वळतो, कारण अटी लागू म्हणजे काय ते इथे सर्वांत उघडपणे दिसते. आयपी६८ या मानांकनातला पहिला आकडा धुळीसाठी आणि दुसरा पाण्यासाठी असतो. सात म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास; आठ म्हणजे त्याहून कठीण, पण किती खोल आणि किती वेळ हे कंपनीने ठरवायचे आणि सांगायचे. ही चाचणी साध्या, स्थिर पाण्यात आणि नव्या कोऱ्या फोनवर होते. समुद्राचे खारे पाणी, तरणतलावातले क्लोरीन, साबणाचा फेस यांपैकी काहीच तिच्यात नसते. आणखी एक बाब फारशी कोणाला ठाऊक नसते: बुडवण्याच्या चाचणीत उत्तीर्ण झालेला फोन जोरदार फवाऱ्याच्या चाचणीतही आपोआप उत्तीर्ण झाला असे या मानकात धरलेले नाही. फवाऱ्याची मानांकने वेगळी असतात आणि ती वेगळी लिहावी लागतात. म्हणूनच काही फोनांवर हल्ली आयपी६८ आणि आयपी६९ असे दोन्ही आकडे छापलेले दिसतात.

ऑस्ट्रेलियात सॅमसंगने २०१६ ते २०१८ या काळात समुद्रकिनाऱ्यावर आणि तरणतलावात फोन वापरता येतील असे सुचवणाऱ्या जाहिराती केल्या. ओल्या पोर्टमधून चार्जिंग केले तर ते गंजू शकते, हे त्यांत नव्हते. जून २०२२ मध्ये तिथल्या संघीय न्यायालयाने कंपनीला १ कोटी ४० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. इटलीच्या स्पर्धा नियामकाने नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलला १ कोटी युरोचा दंड ठोठावला, त्यामागेही हेच होते: आयफोन अमुक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो हे ठळक, ते प्रयोगशाळेतल्या शुद्ध व स्थिर पाण्यापुरतेच खरे आहे हे अस्पष्ट, आणि पाण्याने झालेली हानी वॉरंटीत बसत नाही हे त्याहून अस्पष्ट. मालवणला किंवा कळंगुटला जाताना फोन प्लास्टिकच्या पाऊचमध्ये ठेवावा आणि मानांकनाकडे अपघात झाल्यास मिळणारी सवलत म्हणून पाहावे, हा माझा सल्ला.

बॅटरीच्या आकड्याशेजारी कंसात बहुधा ‘टिपिकल’ हा शब्द असतो. ५००० एमएएच टिपिकल म्हणजे त्या जातीच्या बॅटऱ्यांची सरासरी. किमान हमीची, म्हणजे ‘रेटेड’ क्षमता त्याहून शे-दीडशेने कमी असते. तुलना करताना एका फोनचा टिपिकल आणि दुसऱ्याचा रेटेड आकडा घेतला जात नाही ना, एवढे पाहावे. ‘पंधरा मिनिटांत अर्धी बॅटरी’ या दाव्यात पडदा बंद असतो, खोलीचे तापमान माफक असते आणि चार्जर कंपनीचाच असतो. तो चार्जर खोक्यात आहे की वेगळा विकत घ्यायचा आहे, हेही पाहून घ्यावे.

बाकीच्या काही आकड्यांवरून मी भराभर जातो. पडद्याची ‘पीक ब्राइटनेस’ हजारो निट्सची (निट हे पडद्याच्या उजेडाचे एकक) सांगतात. ती पडद्याचा लहानसा भाग उजळलेला असतानाची असते, पूर्ण पडद्यावर उन्हात मिळणारा उजेड पुष्कळ कमी असतो. ‘१६ जीबी रॅम’ मधले आठ जीबी साठवणुकीतून उसने घेतलेले असतील, तर ते रॅमच्या वेगाने चालणार नाहीत. १२८ जीबी हा आकडा दशमान पद्धतीचा आहे; संगणकाच्या जुन्या हिशेबाने तो सुमारे ११९ होतो आणि त्यातून फोनचे स्वतःचे सॉफ्टवेअर वजा जाते. टाइप-सी हे फक्त पोर्टच्या आकाराचे नाव आहे: आयफोन १५ आणि १५ प्रो यांचे पोर्ट दिसायला एकच, पण पहिल्याचा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट आणि दुसऱ्याचा १० गिगाबिटपर्यंत. ‘मिलिटरी ग्रेड’ म्हणजे अमेरिकी सैन्याच्या ८१०एच मानकातल्या चाचण्यांपैकी कंपनीने स्वतः निवडलेल्या काही. त्या कोणत्या, हे विचारल्याशिवाय त्या शब्दाला अर्थ नाही. आपल्याकडे फाइव्ह-जी १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाले, पण फाइव्ह-जी म्हणून फोन त्याआधी दोन वर्षे विकले जात होते. आजही जुना फोन घेताना एन२८ आणि एन७८ हे दोन्ही बँड, म्हणजे फाइव्ह-जीचे वारंवारिता-पट्टे, यादीत आहेत का, हे तपासावे. अपडेटची वर्षे फोन बाजारात आला तेव्हापासून मोजतात, आपण विकत घेतला तेव्हापासून नव्हे. गूगलचा पिक्सेल ८ हा फोन ऑक्टोबर २०२३ मध्ये सात वर्षांच्या वचनासह आला, तो आज घेणाऱ्याची सात वर्षे तेव्हाच सुरू झाली आहेत.

या सगळ्यात कायदा काय करतो? २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आणि त्याखाली नेमलेले केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण यांना दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाखांपर्यंत, आणि पुन्हा तसेच केले तर पन्नास लाखांपर्यंत दंड करता येतो. जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तळटिपेबद्दल दोन फार चांगल्या गोष्टी आहेत. तळटिपेने मूळ दाव्यातली दिशाभूल दुरुस्त करण्याचा प्रयत्न करू नये. आणि दावा ज्या भाषेत व ज्या टंकात आहे, त्याच भाषेत व टंकात तळटीप असावी. मराठी वर्तमानपत्रातली पानभर जाहिरात उघडून पाहा. मथळा मराठीत, आकडे ठळक, आणि अटी मात्र इंग्रजीत, मुंगीच्या अक्षरांत. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करायला एवढे कारण पुरेसे आहे, पण ती तक्रार करणारे फार थोडे.

एकाच मापाने मोजलेले आकडे हवेत, ही मागणी युरोपीय संघाने बरीचशी पूर्ण केली आहे. २० जून २०२५ पासून तिथे नव्याने बाजारात येणाऱ्या स्मार्टफोनांवर एक लेबल असते: एका चार्जमध्ये किती तास-मिनिटे, किती चार्जिंग चक्रांनंतर बॅटरीची क्षमता ८० टक्क्यांवर येते, पडझड किती सोसतो, दुरुस्ती किती सोपी. चाचण्या कंपन्याच करतात, पण पद्धत सर्वांना एकच आहे. तरीही तिच्यात संदिग्धता राहते, असे सांगून ॲपलने आपल्या काही फोनांची ऊर्जा-कार्यक्षमतेची श्रेणी स्वतःहून ‘ए’वरून ‘बी’वर आणली. ही माहिती युरोपीय संघाच्या एप्रेल नावाच्या खुल्या नोंदवहीत कोणालाही पाहता येते, आणि आपण घेणार असलेला फोन तिथेही विकला जात असेल, तर दुकानात जाण्यापूर्वी ती जरूर पाहावी. फक्त नावावर जाऊ नये. एकाच नावाने भारतात आणि युरोपात विकल्या जाणाऱ्या फोनांची बॅटरी, कधी कधी प्रोसेसरसुद्धा, वेगळी असते. खोक्यावरचा मॉडेल क्रमांक आणि रेटेड क्षमता नोंदवहीतल्या क्रमांकाशी आणि क्षमतेशी ताडून पाहावी. दोन्ही जुळली, तरच तिथले आकडे आपल्या हातातल्या फोनचे आहेत असे धरावे.