बडग्याच्या अंगावरचे कागद

श्रोतेहो, नमस्कार. चित्रं सुचतात कुठून, असं मला नेहमी विचारतात. माझी नवी चित्रं आणि रेखाटनं कुठून आली, तेवढं मी आज सांगते. ती बडग्यातून आली. हो, मारबतीबरोबर निघतो आणि शेवटी जाळतात, त्याच बडग्याच्या पुतळ्यातून.

नागपूरकरांना मारबत समजावून सांगायला नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे इडापिडा घेऊन जाणारे बाईचे मोठे पुतळे निघतात, इतवारीत पाय ठेवायला जागा नसते. पिवळी १८८५ पासूनची, काळी तिच्याही आधीची. इंग्रजांना मिळालेल्या भोसल्यांच्या बाकाबाईशी काळीचं नातं जुनी माणसं अजून जोडतात. त्यांच्यासोबत बडगे असतात, कोणी महागाईचा, कोणी भ्रष्टाचाराचा, आणि गळा फाटेस्तोवर ‘घेऊन जा गे मारबत’ चालू असतं. मोठ्या मारबतींचे फोटो हजारांनी निघतात. मी मात्र आदल्या दिवशी आमच्या मागच्या गल्लीत वही घेऊन बसले होते. तिथे पोट्टे आपला बडग्या बांधत होते.

आधी सापळा. कामट्या वाकवून सुतळीनं आवळल्या, हातापायांत तणस भरली. मग कागद. एका पोरीनं घरून खळ शिजवून आणली होती, पातेलं अजून गरम होतं. आणि कागदच पुरेना! रद्दी आठवड्यापूर्वीच रद्दीवाल्याला गेलेली. मग पोट्टे दारोदार फिरले, ‘काकू, कागद द्या नं.’

श्रोतेहो, त्या गल्लीनं काय काय दिलं! विजेची बिलं. दवाखान्याच्या चिठ्ठ्या. मोडलेल्या लग्नाच्या पत्रिकांचा एक अख्खा गठ्ठा, तो देणाऱ्या बाईंनी मान वळवून दिला. वरच्या मजल्यावरचा एक तरुण खाली आला, नोकरीच्या नकाराची पत्रं पोरांच्या हातात ठेवली आणि एक शब्द न बोलता जिना चढून गेला. पोरांना त्याचं काही नव्हतं. ती कागद फाडत होती, खळ लावत होती, चिकटवत होती. बडग्याच्या दंडावर ‘शुभविवाह’, पोटावर थकबाकी.

तेवढ्यात एक आजी आल्या. हातात भलंमोठं खाकी पाकीट.

‘पोट्टेहो, हे बी लावा.’

‘आजी, हा कागद थोडी आहे, एक्सरे आहे! खळीनं चिपकत नाही.’

‘चिपकत नाही तं बांधा. माहा गुडघा आहे तो. बहुत छळलं त्यानं मले. जाऊ दे याच्यासंग.’

पोरांनी खिळ्यानं भोकं पाडली आणि एक्सरे बडग्याच्या छातीवर सुतळीनं बांधला. छातीत तणस भरायची राहिलीच होती. मागून उतरतं ऊन आलं आणि त्या पोकळ छातीत गुडघा उजळला. वरचं हाड, खालचं हाड, मधली वाटी, आणि त्यांच्या आरपार कामट्यांच्या रेषा. मी पेन्सिल चालवायला लागले. आजी माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

‘काय काढून राहिली वं?’

‘तुमचा गुडघा काढते, आजी.’

‘मंग नीट काढ. उद्या जाणार आहे तो.’

दुसऱ्या दिवशी जाळायच्या वेळी एक शहाणा पोरगा आडवा आला. प्लास्टिक जाळायचं नाही, धूर वाईट असतो. बरोबरच होतं त्याचं. पण आजी ऐकेनात. ‘मंग माहा गुडघा इथंच राहिला का?’ शेवटी त्याच पोरानं वहीचं पान फाडलं, जाड स्केचपेननं लिहिलं, ‘आजीचा गुडघा’. आजींनी पान हातात धरून निरखलं, परत दिलं आणि म्हणाल्या, ‘दोन्ही लिही.’ त्यानं लिहिलं. पान चिकटवलं. मग बडग्या पेटला आणि सगळी गल्ली ओरडली, ‘घेऊन जा गे मारबत!’

सुटलेला एक्सरे आजींनी माझ्या हातात दिला. तो अजून माझ्याकडे आहे.

आता चित्रांचं थोडक्यात सांगते. आधी सापळा, मग कागद, शेवटी रंग, हा बडग्याचा क्रम मी तसाच उचलला. रेखाटनांत फक्त सापळा आहे, कामट्या आणि गाठी, चेहरा नाही. चित्रांत कॅनव्हासवर लोकांनी दिलेले कागद खळीनं डकवलेले आहेत. खळीत चिमूटभर मोरचूद घालते, म्हणजे कसर लागत नाही. त्यावर रंग इतका पातळ की खालची अक्षरं वाचता यावीत. पिवळा जास्त आहे. तो कुठला, हे तुम्हाला सांगायला नको.

जाता जाता एक बोलते. शाळेत पोरांना अजूनही दोन डोंगर आणि मधला सूर्य काढायला लावतात. नागपूरच्या पोरानं ते डोंगर कुठे पाहिले? त्याला बैलाची झूल काढू द्या, कूलरची वाळ्याची ताटी काढू द्या, मारबत काढू द्या. चित्रकार सय्यद हैदर रझा १९३९ ते १९४३ इथल्या चित्रशाळेत शिकले, चित्रकार वासुदेव गायतोंडे १९२४ साली याच शहरात जन्मले. ही दोन नावं आपल्या पोरांना पाठ असायला हवीत. आणि ते फ्लेक्सचे बडगे बंद करा, हे मी हात जोडून सांगते. छापून आणलेल्या फ्लेक्सवर आजीचा गुडघा लिहायला जागा कुठे असते?

तर आधी सापळा, मग कागद, मग रंग. सगळ्यांत मोठं चित्र अजून चालू आहे. त्या गल्लीतले लोक आता आपणहून कागद आणून देतात. काय आहे, का देता, हे मी विचारत नाही, आणि कोणता कागद कुणाचा हे चित्रावर लिहीतही नाही. ज्याचा आहे त्याला तो बरोबर सापडतो. नमस्कार.