नेल्टगेनचे शंभर गिल्डर

श्रोतेहो, नमस्कार.

31 ऑगस्ट 1602 ची संध्याकाळ. अॅमस्टरडॅममध्ये डर्क व्हान ओस या व्यापाऱ्याच्या घरी डच ईस्ट इंडिया कंपनीचे भाग, म्हणजे शेअर, घेणाऱ्यांची नावे महिनाभर नोंदवली जात होती आणि ती मुदत त्या रात्री संपत होती. अॅमस्टरडॅमच्या वहीत अकराशेहून अधिक नावे जमली, त्यांत मोठमोठे सावकार होते. अगदी शेवटी, वही मिटण्यापूर्वी, पुढे आली ती त्याच घरातली मोलकरीण नेल्टगेन कॉर्नेलिस. दिवसाला जेमतेम अर्धा गिल्डर, म्हणजे तिथले चलन, मिळवणाऱ्या या बाईने शंभर गिल्डर लावले, म्हणजे निदान दोनशे दिवसांची मजुरी.

एवढे धाडस तिला कशाच्या आधारावर करता आले असेल? वहीच्या पहिल्याच पानावर लिहिले होते की, भाग दुसऱ्याला विकता येईल आणि हिशेबनिसासमोर, संचालकांच्या संमतीने, तो खरेदीदाराच्या नावे चढेल. वहीत नाव, म्हणजे मालकी. पुन्हा सांगतो, वहीत नाव म्हणजे मालकी. मग ते सावकाराचे असो की मोलकरणीचे. शिवाय ते पान तिच्याच भाषेत होते. आपल्याकडे बचतीची कागदपत्रे अजूनही मराठीत सहजी मिळत नाहीत, हा मला सामान्य ठेवीदारावरचा अन्याय वाटतो.

1998 मध्ये ला पोर्टा, लोपेझ-दे-सिलानेस, श्लायफर आणि विश्नी या अर्थतज्ज्ञांनी 49 देशांचे कायदे तपासून असे मांडले की, न्यायालयीन निवाड्यांवर वाढलेली इंग्लिश पद्धत भागधारकाला सर्वाधिक संरक्षण देते, नेपोलियनच्या लिखित संहितेवर उभी असलेली फ्रेंच पद्धत सर्वांत कमी, आणि त्यामुळे पहिल्या गटातील भांडवलबाजार अधिक विस्तारतात. त्यांच्या वर्गवारीत नेदरलँड्स फ्रेंच गटात आहे, परंतु नेल्टगेनचे नाव नेपोलियनच्या संहितेच्या दोनशे वर्षे आधी वहीत चढले. शिवाय 1913 मध्ये फ्रान्सचा शेअरबाजार, राष्ट्रीय उत्पन्नाच्या तुलनेत, अमेरिकेपेक्षा मोठा होता. म्हणून कायद्याच्या कुळापेक्षा त्याची अंमलबजावणी मला अधिक निर्णायक वाटते.

भारत इंग्लिश कुळातलाच. तरीही थकलेले कर्ज वसूल करताना धनकोची वर्षानुवर्षे न्यायालयात जात होती, म्हणून 2016 च्या दिवाळखोरी संहितेने प्रकरण निकाली काढायला 180 दिवसांची मुदत घातली. 2019 मध्ये कमाल मर्यादा 330 दिवस झाली, आणि आज अनेक प्रकरणे तीही ओलांडतात.