पहाटेची टकटक

(अंधार. द्राक्षबागेत शेकोट्यांचा धूर जमिनीलगत रेंगाळतोय. बांधाजवळ एक पिकअप उभी आहे, काचेवर दव.)

जानेवारीतली पहाट. निफाड तालुका. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा ५ अंशांच्या खाली उतरला की दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते. बागाईतदाराला ती रात्रीच कळलेली असते, कारण मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून तो शेकोट्या पेटवून बागेतच बसलेला असतो. आता पावणेसहा वाजलेत. क्रेट भरून झालेत. गाडी निघायला हवी.

(किल्ली फिरते. टकटकटकटक. मग शांतता.)

हा आवाज आला की पुढचं वाक्य ठरलेलं असतं. "बॅटरी गेली."

मागच्या हिवाळ्यात मीही हेच म्हणालो होतो. माझी डिझेल गाडी अशाच एका पहाटे अडली. सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून चालू करणारी मोटर, कण्हत होता, इंजिन जेमतेम अर्धा फेरा घेऊन थांबत होतं. दुपारी मी नवी बॅटरी बसवून घेतली. दुकानात जुनी कुणी तपासली नाही, आणि तपासा असं मीही म्हणालो नाही. आठ दिवस गाडी बरी चालली. नवव्या दिवशी गारठा वाढला आणि तेच कण्हणं परत सुरू झालं. तेव्हा मी काकांकडे गेलो.

(मुंबई-आग्रा हायवेलगतचं पत्र्याचं शेड. भिंतीला टांगलेले सेल्फ, डायनामो, वायरींची भेंडोळी.)

नाव नको, नुसतं काका म्हणा, असं त्यांनीच सांगितलं. गाड्यांचं वायरिंग करण्यात त्यांचा जन्म गेला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "बॅटरी बदला म्हणून कुणी सांगितलं, दादा?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. या फिल्मची सुरुवात तिथून झाली.

(बॅटरी जवळून. झाकणावर धूळ, टर्मिनलवर पांढरा-हिरवट थर.)

या डब्यात सहा घरं असतात. प्रत्येक घरात शिशाच्या प्लेटा आणि पातळ ॲसिड. एक घर साधारण २.१ व्होल्ट देतं, म्हणून भरलेली बॅटरी १२.६ दाखवते. फ्रान्सच्या गास्ताँ प्लांते यांनी १८५९ मध्ये शिसं आणि ॲसिडची ही जोडी जमवली. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग यांचा इलेक्ट्रिक सेल्फ आला, हाताने हँडल मारणं सुटलं, आणि गाडी जागी करण्याचा सगळा भार या डब्यावर पडला.

वीज निघते ती रासायनिक क्रियेतून, आणि गारठ्यात ती क्रिया मंदावते. शून्य अंशाला बॅटरीची ताकद साधारण एक तृतीयांशाने घटते. निफाडची थंडी त्यापासून फार लांब नाही. त्याच वेळी इंजिनातलं ऑइल काकवीसारखं घट्ट झालेलं असतं. देणाऱ्याचा हात आखडलेला, आणि मागणाऱ्याची मागणी वाढलेली. ऑइलच्या डब्यावर १५डब्ल्यू-४० किंवा ५डब्ल्यू-३० असं छापलेलं असतं ना, त्यातला डब्ल्यू हा हिवाळ्याचा. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं ऑइल गारठ्यात वाहतं राहतं.

तरीही काका थंडीला दोष देत नाहीत. "बॅटरीला उन्हाळा खातो," ते म्हणतात, आणि ते खरं आहे. एप्रिल-मे महिन्यांत बोनेटखालच्या धगीत तिच्यातलं पाणी उडत जातं, प्लेटांच्या जाळ्या गंजत जातात. पण तेव्हा ऑइल पातळ असतं, इंजिन सहज फिरतं, म्हणून आतली झीज कुणाच्या लक्षात येत नाही. डिसेंबरात पहिल्यांदा पूर्ण ताकद मागितली जाते आणि ती उरलेली नसते.

(पिकअपचं बोनेट उघडं. काका हेडलाइट लावायला सांगतात, कान देऊन उभे राहतात.)

मीटर काढायच्या आधी काका ऐकतात.

भराभर टकटक होत असेल, तर सेल्फवरचा ऑटोमॅटिक, म्हणजे सेल्फला वीज जोडणारा चुंबकी स्विच, ओढला जातोय, व्होल्टेज कोसळतंय, तो सुटतोय, आणि पुन्हा ओढला जातोय. म्हणजे बॅटरी उतरलेली, नाहीतर टर्मिनल सैल. एकच दणदणीत ‘ठक्’ येऊन सगळं थांबलं, तर संशय सेल्फच्या आत जातो: ऑटोमॅटिकचे पॉइंट जळालेत किंवा कार्बन झिजलेत. सेल्फ ‘सूंऽऽ’ करत मोकळाच फिरला, तर बेंडिक्स, म्हणजे सेल्फचं दातेरी चाक, इंजिनचे दात पकडत नाही. आणि काहीच आवाज नसेल, तर फ्यूज, रिले, क्लचचा स्विच, इग्निशन स्विच, चावीतली चिप, सगळं बघावं लागतं.

हेडलाइट यासाठी लावायचे. सेल्फ मारताच ते विझायला आले, तर बॅटरीत दम नाही किंवा तिच्या तोंडाशीच जोड खराब आहे. ते झगझगीत राहिले आणि सेल्फ मात्र हलला नाही, तर बॅटरीला हात लावू नका, बिघाड पुढे आहे.

डिझेलवाल्यांसाठी आणखी एक खूण. सेल्फ जोमाने फिरतोय, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय, पण इंजिन पेट घेत नाही. अशा वेळी इंजिन आतून तापवणारे हीटर प्लग बघा. डॅशबोर्डवरचा पिवळ्या वेटोळ्याचा दिवा विझेपर्यंत थांबायचं असतं, आणि घाईच्या पहाटे नेमकं तेच राहून जातं.

(जुना, पिवळा मल्टीमीटर. काकांचा अंगठा चकती फिरवतो.)

आता माझ्या गाडीकडे येतो, कारण तिच्यामुळे मी एक गोष्ट शिकलो.

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ दिसले तर ती भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२ म्हणजे जेमतेम पाव. माझी १२.६ होती. मग काकांनी मला सेल्फ मारायला सांगितला. सेल्फ मारताना चांगल्या बॅटरीचा आकडा साधारण ९.६ च्या खाली जाऊ नये. माझ्या गाडीत तो ११.४ वर थांबला, आणि सेल्फ मात्र कण्हतच होता.

काकांनी मीटर माझ्यासमोर धरला. "बॅटरी द्यायला बसलीय, दादा. घेणाऱ्यापर्यंत पोचत नाही."

त्यांनी मीटरची एक तार बॅटरीच्या मायनस खुंटीला टेकवली, दुसरी थेट इंजिनच्या धातूला. पुन्हा सेल्फ. ही एकच लाइन आहे, तिच्या दोन टोकांत फरक दिसायलाच नको. फार तर ०.२ व्होल्ट. मीटरवर १.८ आले.

(काका पुठ्ठा पसरून गाडीखाली सरकतात. टॉर्चचा उजेड गिअरबॉक्सवर.)

गिअरबॉक्स आणि चेसिस यांच्यामध्ये तांब्याच्या तारांची एक चपटी वेणी असते. दोन बोटं रुंद, वीतभर लांब. हीच अर्थिंगची पट्टी. सेल्फची वीज बॅटरीकडे परत जाते ती हिच्यातून. माझ्या गाडीतली पट्टी चिखलाने माखलेली होती. काकांनी ती बोटाने वाकवली, तशा अर्ध्याअधिक तारा भुश्शासारख्या गळून पडल्या. बोल्ट काढला तर त्याखाली गंजाचा खरखरीत थर, आणि तांब्यावर हिरवट पूड.

मी विचारलं, मग हॉर्न कसा वाजत होता? दिवे कसे लागत होते?

याचं उत्तर साध्या गुणाकारात आहे. समजा त्या गंजलेल्या जोडाचा रोध एक ओहमचा फक्त शंभरावा भाग आहे. २ अँपिअर घेणाऱ्या दिव्यासाठी तिथे ०.०२ व्होल्ट वाया जातात. डोळ्याला कळणारही नाही. पण डिझेलचा सेल्फ २०० अँपिअर ओढतो तेव्हा त्याच जोडावर २ व्होल्ट जळतात. म्हणून दिवे, हॉर्न, रेडिओ सगळं ठणठणीत दिसतं आणि सेल्फ तेवढा उपाशी राहतो. दुपारी इंजिन हलकं फिरतं, तेव्हा हे दोन व्होल्ट गेलेले खपून जातात. पहाटे खपत नाहीत. नव्या बॅटरीने थोडा जास्त जोर लावला आणि आठ दिवस ही खोट झाकली गेली, इतकंच.

काकांनी धातू पॉलिश कागदाने घासून चकचकीत केला, नवी पट्टी आवळली, वर ग्रीस लावलं. मीटरवर ०.१. सेल्फ असा फिरला की मी दचकलो.

माझी जुनी बॅटरी मी एक्स्चेंजमध्ये देऊन बसलो होतो. ती चांगली होती की नाही, हे आता कळायला मार्ग नाही. मला त्याची अजून हळहळ वाटते.

(पुन्हा बांधावर. दुसरी गाडी शेजारी आणून लावली आहे. जंपर केबल.)

पिकअपचा आकडा ११.९ आहे. पण माल थांबत नाही, म्हणून आधी जंप, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवर ही सुरू करायची. लाल चिमटा उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, त्याचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळा चिमटा चांगल्या बॅटरीच्या मायनसला. आणि शेवटचा काळा चिमटा बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. ठिणगी या शेवटच्या चिमट्याला उडते, आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. शेकोटीची ठिणगी आणि बिडीसुद्धा लांब ठेवा. बॅटरी फुटून तोंडावर ॲसिड उडाल्याचं काकांनी स्वतः पाहिलंय. ते सांगताना त्यांचा हात आपोआप डोळ्यांकडे जातो.

(दुपार. शेड. पिकअप रिकामी होऊन परत आली आहे.)

इंजिन चालू असताना १४.२ व्होल्ट. १३.८ ते १४.५ मध्ये आकडा असला की बॅटरी भरणारा डायनामो ठीक. ॲसिडची घनता सहाही घरांत सारखी, म्हणजे बॅटरीही ठीक. मग ती उतरली का? ड्रायव्हर पोरगा म्हणतो, "गाडी दोन दिवस नुसती उभी होती, काका."

"उभी होती, पण झोपली होती का?" काका मायनस टर्मिनल सोडतात, मधे मीटर जोडतात आणि दारं लावून अर्धा तास थांबतात. नव्या गाड्यांतले कंट्रोल युनिट झोपायला तेवढा वेळ घेतात. मीटर मधे असताना किल्ली मारायची नाही, नाहीतर मीटरचा फ्यूज उडतो. चांगल्या गाडीत ०.०५ अँपिअरच्या आत आकडा यायला हवा. इथे ०.६ आहे. दोन दिवसांत जवळपास २९ अँपिअर-तास गळून गेले.

मग एकेक फ्यूज काढणं सुरू होतं. पहिला, काही नाही. दुसरा, काही नाही. पाचवा काढला आणि आकडा ०.०३ वर आला. टेपचा फ्यूज. मागून बसवलेल्या ॲम्प्लिफायरची वायर किल्लीवरून न घेता टेपच्या कायम चालू असणाऱ्या लाइनवरून घेतलेली होती, रात्रंदिवस चालू. काका ती कापतात आणि किल्लीच्या लाइनवर जोडतात. टर्मिनल कोमट पाण्यात खायचा सोडा घालून धुतात. सोडताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी. बॅटरी चार्जिंगला लागते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी नेताना ते झाकणावर मार्करने तारीख लिहितात, आणि शेजारी १२.६१. पोरगा विचारतो, "नवी बॅटरी किती दिवसांनी घेऊ?"

"हा आकडा रोज पहाटे बघ, भाऊ. मग मला फोन कर."

(पुन्हा पहाट. दव, धूर, क्रेट. पोरगा बोनेट उघडून नवाकोरा मीटर लावतो. १२.५८. तो आत बसतो, पिवळा दिवा विझेपर्यंत थांबतो आणि किल्ली फिरवतो.)