पाण्याआधी पुरी

नमस्कार श्रोतेहो!

गड्ड्याच्या जत्रेत पाणीपुरी न खाल्लेला सोलापूरकर मला अजून भेटायचाय. गाड्यासमोर उभं राहिलं की आपण बोलतो ते पाण्याबद्दल. तिखट कर, चिंच वाढव, रगडा गरम आहे का? पुरीबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. मऊ निघाली तरच तिची आठवण होते.

मी ही पुरी पहिल्यांदा घरी केली ती निव्वळ हट्टानं. बारीक रवा, थोडा मैदा, मीठ, घट्ट भिजवलेला गोळा. घाईत लगेच लाटायला घेतला. पहिल्या घाण्यातल्या निम्म्या पुऱ्या चपट्याच राहिल्या! सासूबाई म्हणाल्या, “अगं, रव्याला पाणी प्यायला वेळ तरी दे.”

मग अर्धा तास ओल्या फडक्याखाली ठेवून गोळा पुन्हा मळला. लाटलेल्या पुऱ्याही झाकूनच ठेवल्या. वारं लागलं की वरचा भाग सुकतो, तडकतो आणि वाफ निसटून जाते. सगळा खेळ त्या वाफेचाच. तापलेल्या तेलात बाहेरचा पदर चटकन आवळतो, आतल्या पाण्याची वाफ होते, दोन पदर सुटतात आणि पुरी टम्म फुगते. झाऱ्यानं फक्त हलकेच दाबायचं. फुगली म्हणून लगेच काढली तर मात्र डब्यात मऊ पडते. आच कमी करून ओलावा जाईपर्यंत तळायची. तिची एक बाजू पातळ होते, आणि गाडीवाल्याचा अंगठा अचूक तिथेच बसतो!

त्या चपट्या पुऱ्या सासूबाईंनी टाकू दिल्या नाहीत. संध्याकाळी त्यांच्यावर बटाटा, कांदा, चटण्या, शेव. झाली शेवपुरी.

सोलापूरची कोरडी हवा पुरीला मानवते. पावसाळ्यात मात्र इथंही ती सादळते. तेव्हा ऊन पडलं की ताटात पसरून ठेवावी, नाहीतर मंद तव्यावर फिरवून घ्यावी.

दिल्लीचा गोलगप्पा, कोलकात्याचा पुचका ही हिचीच भावंडं. ओडिशात तर म्हणतात गुपचूप. एवढा कुर्रकन आवाज करणारीला गुपचूप! तोंड भरलेलं असतं म्हणून असेल.

सुकी पुरी आपण नेहमी शेवटी मागतो. आज ती आधी मागून बघा, पाण्याशिवाय, मसाल्याशिवाय. गाडीवाला चमत्कारिक नजरेनं बघेल. बघू द्या.