दगडाचा जमाखर्च

(दृश्य : तुर्भ्याजवळच्या डोंगरातली बंद दगडखाण. पावसाळ्याचे दिवस.)

ठाणे-बेलापूर रोडने रोज जाणाऱ्यांना हे नवं नाही. खडी काढून झाली, खड्डा राहिला, पावसाने तो भरला. पाणी हिरवं दिसतं, खोल आहे, पोहायला उतरू नका. पण आंबट होण्याची भीती फारशी नाही. आपल्या काळ्या पत्थरात, बेसाल्टमध्ये, तेवढं गंधक सहसा नसतंच.

कोळशाच्या खुल्या खाणीत गोष्ट वेगळी. कोळशापर्यंत पोचायला वरचा वाळूखडक आणि शेल (चिखल दाबून झालेला खडक) उपसून त्याचे डोंगर रचावे लागतात. खाणीवर त्याला नुसतं 'ओबी' म्हणतात, म्हणजे ओव्हरबर्डन, कोळशावरचा नको असलेला दगड. कोट्यवधी वर्षं हवेपासून दूर राहिलेल्या या दगडात पायराइटचे पिवळे चमकते कण असू शकतात. लोखंड आणि गंधक, एवढाच त्यांचा मसाला. हवा-पाणी लागलं की त्यातून सल्फ्युरिक आम्ल सुटतं. ओढ्याच्या तळाला गंजासारखा गाळ बसतो, मासे मरतात. पाणी पुरेसं आंबट झालं की लोखंडावर जगणारे जीवाणू त्यात माजतात आणि हे चक्र आणखी जोरात फिरायला लागतं. कोळसा संपून खाण बंद झाली, तरी पाणी थांबत नाही. मेघालयातल्या जैंतिया टेकड्यांतल्या नद्यांनी हे भोगलंय. तिथल्या कोळशात गंधक भरपूर. आपल्या चंद्रपूरकडच्या गोंडवाना कोळशात ते सहसा एक टक्क्याच्या आत.

म्हणून निर्धास्त राहायचं? नाही. कारण पाणी बिघडवतो तो बहुतेकदा विकलेला कोळसा नाही, मागे टाकलेला दगड.

(दृश्य : महापे एमआयडीसी. प्रयोगशाळेतलं टेबल, कोअरचे खोके.)

खाण सुरू होण्याआधी बोअर मारून काढलेले हे दगडाचे दांडे. प्रत्येकावर खोली लिहिलेली. त्यांची पूड करायची आणि जमाखर्च मांडायचा : एका बाजूला होऊ शकणारं आम्ल, दुसऱ्या बाजूला ते मारणारा चुना. टनभर दगडात पायराइटमधलं गंधक एक टक्का, म्हणजे १० किलो असेल, तर त्याचं आम्ल मारायला ३१.२५ किलो कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे आपण इथे ज्याला चुना म्हणतोय ते, लागतं. तेवढं त्याच दगडात सापडतंय का?

गंधक यंत्र सांगतं. चुन्याचा अंदाज मात्र डोळ्यांनी सुरू होतो. चिमूटभर पूड, त्यावर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब.

"मॅडम, किंचित लिहू?"

"अगं थांब, कडेला बघ. अजून फसफसतंय. मध्यम लिही."

नाही, किंचित, मध्यम, जोरदार. पुढच्या चाचणीत किती आम्ल ओतायचं हे या चार शब्दांवर ठरतं, आणि त्यावर चुन्याचा आकडाही थोडा इकडेतिकडे होतो. दोन दशांशांपर्यंत छापलेल्या अहवालाच्या मुळाशी कुणाच्या तरी नजरेचा हा 'मध्यम' असतो.

दुसरी फसगत सिडेराइटची. हाही कार्बोनेटच, पण लोखंडाचा. चाचणीत तो चुन्यासारखा आम्ल मारतो आणि जमेच्या बाजूला जाऊन बसतो. उघड्यावर त्यातलं लोखंड गंजतं आणि मारलेलं आम्ल परत करतं. उधारीवरची जमाच ती. म्हणून मिश्रणात हायड्रोजन पेरॉक्साइड घालून ते लोखंड इथेच गंजवून घेतात. हा टप्पा गाळला तर वाईट दगड कागदावर चांगला ठरू शकतो.

आणि सगळ्यांत मोठी चूक टेबलावर होतच नाही. ती बोअर कुठे मारले, किती मारले, यात होते. पायराइट थरभर सारखा पसरलेला नसतो. हातभर जाडीचा एखादा काळा शेल सुटला, तर बाकीचा हिशेब बरोबर असूनही उत्तर चुकतं. पैसे वाचवायचे तर चाचण्यांत वाचवा, बोअरमध्ये नको, असं माझं मत.

(दृश्य : खिडकीजवळ उभ्या नळ्या, खाली बाटल्या.)

जमाखर्च 'किती' सांगतो, 'कधी' सांगत नाही. त्यासाठी या नळ्या. प्रत्येकीत किलोभर दगडाचा चुरा. तीन दिवस कोरडी हवा, तीन दिवस दमट, सातव्या दिवशी पाण्याने धुवायचं. असे निदान वीस आठवडे.

आज नववी बाटली भरली. मॅडमनी ती आठवीशेजारी ठेवली, मग दोन्ही उचलून खिडकीच्या उजेडात धरल्या. आठवीतून समोरची गटाराची भिंत स्वच्छ दिसते. नववीतून ती जराशी पिवळी दिसते.