कुठलं दार उघडतं?

अध्यक्ष, वाचनालयाचे कार्यकर्ते आणि जमलेल्या सगळ्यांना नमस्कार.

माझी सत्तावीस वर्षं व्हिसाच्या फायली लावण्यात गेली. सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, कचेरीचं रजेचं पत्र, प्रवासाचा विमा, हॉटेलचं बुकिंग. शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा, काढलेल्यांना हा गठ्ठा पाठ असेल. आता पॅसिफिक महासागरात तुवालू नावाचा एक देश आहे. नऊ छोटी बेटं, मिळून जेमतेम २६ चौरस किलोमीटर जमीन आणि दहा-अकरा हजार माणसं. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गावाएवढी वस्ती. तिथल्या माणसाला पॅरिसला जायचं असेल तर व्हिसाच लागत नाही. १८० दिवसांतले ९० दिवस तो युरोपात राहू शकतो.

हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा वाटलं, माणसानं पासपोर्ट काढावा तर असा. पुढे मी या बेटांचं वाचत गेलो, तसं ते मत बदलत गेलं. का बदललं, तेच आज सांगायचंय.

पासपोर्टची ताकद मोजणाऱ्या याद्या तुम्ही पेपरात दरवर्षी पाहता. हेन्ली निर्देशांक त्यातला सगळ्यांत प्रसिद्ध. २२७ ठिकाणं धरायची, त्यांतल्या किती ठिकाणी आधी व्हिसा न काढता जाता येतं ते मोजायचं आणि देशांना ओळीत उभं करायचं. या मोजणीत सामोआ, टोंगा, तुवालू, किरिबास, सॉलोमन बेटं, पलाऊ, मार्शल बेटं, मायक्रोनेशिया हे देश सव्वाशेच्या आसपास असतात. (किरिबास लिहिलेलं किरिबाटी असं दिसतं, पण त्यांच्या भाषेत ‘टी’चा उच्चार ‘स’ होतो.) फिजी, पापुआ न्यू गिनी आणि वानुआतू मात्र ऐंशी-नव्वदच्या घरात. आपण भारतीय साठाच्या आसपास.

आता यात एक कोडं आहे. या बेटांमध्ये फिजी त्यातल्या त्यात सधन आणि गजबजलेला. विद्यापीठ तिथं, मोठा विमानतळ तिथं, शेजारच्या बेटांवरचे लोक शिकायला आणि उपचाराला तिथं येतात. पापुआ न्यू गिनी तर लोकसंख्येनं सगळ्यांहून कितीतरी मोठा. मग हेच दोघे मागे का? (वानुआतूची गोष्ट वेगळी, ती पुढे सांगतो.)

उत्तर बरंचसं युरोपात आहे. २०१४ साली युरोपियन युनियननं व्हिसामाफीची यादी वाढवली आणि पॅसिफिकमधले बरेच छोटे देश एका झटक्यात तिच्यात घातले. २०१५ आणि २०१६ मध्ये एकेकाशी करार झाले. फिजी आणि पापुआ न्यू गिनी त्या यादीत नव्हते. युरोपच्या निकषांत पहिला प्रश्न असतो, इथून किती लोक येऊन परत जाणार नाहीत? अकरा हजारांचा देश सगळाच्या सगळा उठून आला, तरी युरोपला ते कळणारही नाही. म्हणजे छोट्या देशांच्या पासपोर्टला जी ताकद आली, ती माणसं कमी आहेत आणि फार लांब आहेत म्हणून आली. आणि फुनाफुटीहून, म्हणजे तुवालूच्या राजधानीहून, पॅरिसला कितीजण जातात? विमान पकडायचं तर आधी फिजीला यावं लागतं. तिकिटाच्या पैशात तिथल्या कुटुंबाचा कित्येक महिन्यांचा खर्च निघेल. शेंगेनच्या या एका सहीनं यादीत पंचवीस-तीस आकडे वाढले, कारण तिथला प्रत्येक देश वेगळा मोजला जातो. पण त्या दारानं जाणारं घरटी एक माणूससुद्धा नाही.

ज्या दारांवर खरी गर्दी आहे ती दोन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड. पोरगं तिथं फळं तोडायला जातं, बहीण नर्सिंग करते, आईची शस्त्रक्रिया तिथं होते. टोंगाच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे चाळीस टक्क्यांइतकी रक्कम बाहेरून घरी पाठवलेल्या पैशाची असते. आणि या बेटांच्या पासपोर्टवर ऑस्ट्रेलियात जायला व्हिसा लागतो, सगळ्यांना लागतो. न्यूझीलंडनं नोव्हेंबर २०२५ पासून, ऑस्ट्रेलियाचा व्हिसा हातात असलेल्या आणि तिथूनच येणाऱ्या बेटवासीयांना वेगळ्या व्हिसाशिवाय तीन महिने येऊ द्यायला सुरुवात केली, तीही प्रायोगिक. म्हणजे बर्लिनचं दार उघडं आणि ऑकलंडला अर्ज, फोटो, बँक स्टेटमेंट.

सामोआची गोष्ट इथं सांगायलाच हवी, कारण ती दारापेक्षा उंबरठ्याची आहे. पहिल्या महायुद्धात न्यूझीलंडनं जर्मनीकडून सामोआ घेतला आणि १ जानेवारी १९६२ ला तो स्वतंत्र होईपर्यंत तिथं राज्य केलं. पुढे न्यूझीलंडच्या कारखान्यांना कामगार हवे होते तेव्हा सामोआची, टोंगाची माणसं आली. १९७०च्या दशकात मंदी आली आणि त्याच माणसांच्या घरांवर पोलीस पहाटे थडकू लागले. झोपेतून उठवून कागद दाखवा म्हणायचे. या पहाटेच्या धाडी ऑकलंडमधल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात आजही येतात.

अशाच मुदतीबाहेर राहिल्याच्या खटल्यात फालेमाई लेसा नावाची एक सामोअन बाई लढत लढत लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे न्यूझीलंडच्या तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयापर्यंत गेली. १९८२ मध्ये निकाल लागला: १९२४ ते १९४८ या काळात सामोआत जन्मलेली माणसं कायद्यानं न्यूझीलंडची नागरिकच आहेत. जिला परकी म्हणून कोर्टात उभं केलं, ती कायद्यानं तिथलीच नागरिक होती! पंतप्रधान मल्डून यांच्या सरकारनं त्याच वर्षी, काही आठवड्यांत, नवा कायदा केला आणि न्यायालयानं मान्य केलेलं ते नागरिकत्व बहुतेक सगळ्यांचं काढून घेतलं. २०२१ च्या १ ऑगस्टला पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी धाडींबद्दल माफी मागितली, तीही सामोआच्या रीतीनं: माफी मागणाऱ्यानं स्वतःवर चटई पांघरून घेऊन बसायचं आणि ज्यांचा अपराध झाला त्यांनी ती उचलायची. नागरिकत्व परत देणारा कायदा मात्र नोव्हेंबर २०२४ मध्ये झाला. तोवर त्या पिढीतला सगळ्यांत धाकटा माणूससुद्धा पंचाहत्तरी ओलांडलेला होता. बेचाळीस वर्षांत किती जण गेले असतील, याचा मी विचार करतो तेव्हा मला कुठल्याही क्रमवारीतला सामोआचा आकडा वाचवत नाही.

न्यूझीलंडच्याच छायेतले कुक बेटं आणि निउए हे देश तुम्हाला यादीत सापडणारच नाहीत. स्वतःचं सरकार, स्वतःचा पंतप्रधान, पण पासपोर्ट न्यूझीलंडचा, जगातल्या पहिल्या रांगेतला. परिणाम काय झाला? निउएवर आज दीड-पावणेदोन हजार माणसं उरलीत आणि न्यूझीलंडमध्ये निउएचे तीस हजार. दार सताड उघडं असलं की घर रिकामं होतं. कोकणातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. २०२४ मध्ये कुक बेटांचे पंतप्रधान मार्क ब्राउन यांनी आपला वेगळा पासपोर्ट काढायचा प्रस्ताव मांडला. न्यूझीलंडनं सांगितलं, वेगळा पासपोर्ट हवा तर पूर्ण स्वतंत्र व्हा. २०२५ च्या सुरुवातीला तो प्रस्ताव मागे घेतला गेला. मला त्यामागची इच्छा समजते. स्वतःच्या देशाचं नाव छापलेली ती छोटी पुस्तिका हातात असावी, असं कुणाला वाटणार नाही?

उत्तरेकडे मार्शल बेटं, मायक्रोनेशिया आणि पलाऊ. यांच्यासाठी मोठं दार अमेरिकेचं. पहिल्या दोघांचा करार १९८६ पासून, पलाऊचा १९९४ पासून. या देशांचे नागरिक व्हिसाशिवाय अमेरिकेत जाऊन राहू शकतात, नोकरी करू शकतात, शिकू शकतात. बदल्यात त्या अफाट समुद्रावर लष्करी हक्क अमेरिकेचा. यादीत याची नोंद कशी होते? ‘अमेरिका: व्हिसा नको’, एक गुण. दुसऱ्या कुठल्याशा देशात तीस दिवस फिरायची परवानगी, तिलाही एकच गुण. आयुष्य उभं करायचा हक्क आणि महिनाभराची सहल एकाच तराजूत, एकाच वजनानं!

आणि त्या हक्कामागे काय आहे? १९४६ ते १९५८ या काळात अमेरिकेनं मार्शल बेटांवर ६७ अणुचाचण्या केल्या. त्यांतल्या बिकिनी बेटाची माणसं आजही आपल्या घरी परत राहायला जाऊ शकलेली नाहीत. मार्शलच्या लोकांची एक मोठी वस्ती आज अर्कान्सा राज्यातल्या स्प्रिंगडेलमध्ये आहे. समुद्रापासून शेकडो मैल आत, कोंबड्यांच्या मांसाच्या कारखान्यांत ते काम करतात.

आता वानुआतू. इथं मी थोडा थांबणार आहे, कारण पासपोर्टची अब्रू कशी जाते ते इथं दिसतं.

१९८० पर्यंत हा देश न्यू हेब्रिडीज या नावानं इंग्लंड आणि फ्रान्स मिळून चालवत होते. दोन पोलीसदलं, दोन तुरुंग, दोन प्रकारच्या शाळा. इंग्रज माणूस ब्रिटिश नागरिक, फ्रेंच माणूस फ्रेंच. आणि ज्यांची ती बेटं, ते? कुणाचेच नाहीत. जन्मभूमीत राहून राष्ट्रीयत्व नसलेली माणसं. परदेशी जायचं तर ओळखीचा एक कागद मिळायचा. ३० जुलै १९८० ला स्वातंत्र्य मिळालं तेव्हा या लोकांना पहिल्यांदा पासपोर्ट मिळाला. त्या पहिल्या पुस्तिका हातात घेताना त्यांना काय वाटलं असेल!

पस्तीस वर्षांनी तीच पुस्तिका विक्रीला निघाली. २०१५ मध्ये पाम वादळानं देश उद्ध्वस्त केला होता, तिजोरीत पैसा नव्हता. एका माणसाला साधारण १ लाख ३० हजार डॉलर, देशात पाऊल न ठेवता, काही आठवड्यांत नागरिकत्व. २०१५ मध्येच शेंगेनचं दार उघडलं होतं, त्यामुळे गिऱ्हाईक तुटून पडलं. पाच-सहा वर्षांत दहा हजारांवर पासपोर्ट गेले. सरकारच्या उत्पन्नाचा मोठा वाटा त्यातून येऊ लागला, त्यातून कर्ज फिटलं, हेही खरं आहे. चक्रीवादळं आणि भूकंप सोसणाऱ्या सरकारला पैसा नको म्हणणं सोपं नाही.

पण युरोप पाहत होता. मे २०२२ मध्ये व्हिसामाफी अंशतः स्थगित झाली, फेब्रुवारी २०२३ मध्ये पूर्ण, आणि डिसेंबर २०२४ मध्ये कायमची रद्द. असं युरोपनं याआधी कुठल्याच देशाबाबत केलं नव्हतं. जुलै २०२३ मध्ये ब्रिटननंही व्हिसा लावला. विकत घेणाऱ्यांकडे दुसरे पासपोर्ट होतेच. तान्ना किंवा सांतो बेटावरच्या शिक्षिकेकडे एकच होता.

आपल्याकडे वानुआतूचं नाव घरोघरी पोचलं ते मार्च २०२५ मध्ये. ललित मोदी यांनी तिथलं नागरिकत्व घेतल्याचं उघड झालं आणि पंतप्रधान जोथम नापाट यांनी ते रद्द करायचा आदेश दिला. प्रत्यार्पण टाळणं हे नागरिकत्व मागायचं वैध कारण होत नाही, असं त्यांनी सांगितलं. टीव्हीवर आपण तेव्हा मोदींबद्दल बोललो. मला त्या बातमीत वानुआतू दिसत होता, स्वतःची पुस्तिका परत मिळवू पाहणारा.

हा धंदा नवा नाही. टोंगानं १९८०च्या दशकात परदेशी लोकांना पासपोर्ट विकले. जमलेला पैसा गुंतवायचं काम ज्या अमेरिकन सल्लागाराकडे गेलं, त्याला राजानं अधिकृतपणे दरबारी विदूषक नेमलं होतं. सुमारे २ कोटी ६० लाख डॉलर बुडाले. अनुभव एवढा जुना असताना नाउरू या पॅसिफिकमधल्याच छोट्या बेट-देशानं २०२५ मध्ये पुन्हा विक्री सुरू केली, १ लाख ५ हजार डॉलरपासून. फॉस्फेट खणून खणून बेटाचा मधला भाग ओसाड झालाय, किनाऱ्यावर समुद्र चढतोय, त्या ओसाड भागात लोकांना हलवायला पैसा हवा. कारण खरं आहे. मला भीती वाटते ती वानुआतूचं झालं तेच नाउरूच्या बारा हजार लोकांचं होण्याची.

आपल्या पासपोर्टबद्दलही एक सांगतो, कारण इथं फसगत होते. फिजीत भारतीयांना १२० दिवस व्हिसा लागत नाही. मायक्रोनेशियात ३० दिवस. एका कुटुंबानं ‘व्हिसा-फ्री’ वाचून फिजीची तिकिटं स्वतःच काढली, सिडनीमार्गे, कारण ती स्वस्त होती. ऑस्ट्रेलियात नुसतं विमान बदलायलाही भारतीयाला ट्रान्झिट व्हिसा लागतो. चेक-इनच्या काउंटरवरून चौघं परत आले आणि दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर बसले. धाकटीच्या हातात पोहायचा चष्मा होता. आम्ही सिंगापूरमार्गे नवी तिकिटं काढली, पण आधीचे पैसे गेले ते गेलेच. मायक्रोनेशियाची बहुतेक विमानं ग्वाम किंवा होनोलुलूहून जातात, म्हणजे आधी अमेरिकेचा व्हिसा. देशाचं दार उघडं, पण वाट दुसऱ्याच्या अंगणातून. बेटांवरची माणसं हे रोज भोगतात.

शेवटी पुन्हा तुवालूकडे येतो. तुवालू आणि ऑस्ट्रेलियानं नोव्हेंबर २०२३ मध्ये एक करार केला, ऑगस्ट २०२४ पासून तो अमलात आला. दरवर्षी २८० पर्यंत तुवालूवासीयांना ऑस्ट्रेलियात कायम राहता येईल, शिकता येईल, कमावता येईल आणि हवं तेव्हा परत जाता-येता येईल. बदल्यात, तुवालूनं दुसऱ्या कुणाशी संरक्षणाचा करार करायचा तर ऑस्ट्रेलियाची संमती लागेल. ही किंमत मोठी आहे, आणि तिथल्या अनेकांना ती खुपते. २०२५ च्या मध्यावर पहिल्या सोडतीसाठी नावं मागवली. कुटुंबीय धरून ८,७५० नावं आली. देश दहा-अकरा हजारांचा.

युरोपचं दार त्यांना जवळजवळ दहा वर्षं उघडं होतं, मंडळी. रांग लागली ती या दारापुढे.

त्या कराराचं नाव आहे फालेपिली. फाले म्हणजे घर, पिली म्हणजे जवळ. तुवालूत तो शब्द वापरतात शेजाऱ्याच्या घराची आपल्यासारखी काळजी घेण्यासाठी. आपल्याकडे त्याला शेजारधर्म म्हणतात. समुद्रानं जमीन गिळली तरी तुवालूचं राष्ट्र म्हणून असणं संपणार नाही, हेही त्याच करारात लिहून घेतलंय. जे २८० जण जातील, ते तुवालूचाच पासपोर्ट घेऊन जातील.